भरवसा, दरबार आणि संसार

मराठी समीक्षेत ईश्वरनिष्ठेचा विचार बहुधा दोन टोकांना होत आला आहे. एकीकडे तिला दैववादाची जननी ठरविण्यात आले, तर दुसरीकडे प्रत्येक भक्तिवचनात सामाजिक बंड शोधण्यात आले. माणसांतील अधिपतींवर भरवसा न ठेवता तो देवावर ठेवावा, हे आशयसूत्र या दोन्ही चौकटींत नीटसे बसत नाही. मुळात ते सत्तेविषयीचे विधान आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्याची जी परीक्षा झाली, तिची दखल समीक्षेने फारशी घेतलेली नाही.

या सूत्राचे एक उगमस्थान म्हणजे बायबलमधील 146 वे स्तोत्र. तेथील युक्तिवाद बारकाईने पाहण्यासारखा आहे. अधिपती दुष्ट असतात, असे स्तोत्रकार म्हणत नाही. ते मर्त्य असतात, एवढेच तो म्हणतो. श्वास थांबला की त्याच दिवशी त्यांचे बेतही संपतात. भरवशाचा प्रश्न असा नीतीच्या आधी काळाचा होतो. त्यानंतर ईश्वराची ओळख करून दिली जाते ती त्याच्या कृतींतून : गांजलेल्यांना न्याय, भुकेल्यांना अन्न, बंदिवानांना मुक्ती, परक्यांना, पोरक्यांना आणि विधवांना आधार. अधिपतीला कोणत्या मापाने मोजावे, हे वाचकाला येथेच कळते.

वसई तालुक्यातील कळंब, निर्मळ, नंदाखाल या किनारपट्ट्याला या युक्तिवादाचा अर्थ इतिहासानेच शिकविला आहे. 1534 मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून आपल्या गादीची भिस्त परक्या फौजेवर टाकली. ख्रिस्ती धर्म येथे राजसत्तेच्या आश्रयाने रुजला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती सत्ता गेल्यावरही उपासना टिकली. शेजारीच निर्मळच्या शंकराचार्य समाधिमंदिराची कार्तिकातील यात्राही भरत राहिली. श्रद्धा आपल्या आश्रयदात्याहून दीर्घायुषी असते, याचा असा पुरावा ज्या भूमीत आहे, तेथे हे स्तोत्र केवळ उपदेशपर वाटणे कठीण.

मात्र मराठीत ‘भरवसा’ हा शब्द येताच एक गुंतागुंत निर्माण होते. वारकरी परंपरेतील ‘भाव’ या शब्दात निरपेक्ष ओढ आहे. ‘भरवसा’ आणि ‘भिस्त’ हे शब्द व्यवहारातले. पावसावर, पिकावर, कर्त्या मुलावर भिस्त ठेवली जाते आणि ती फसूही शकते. भाव फसला, असे मराठी माणूस म्हणत नाही. ईश्वराच्या संदर्भात ‘भरवसा’ वापरला की श्रद्धेत जोखीम शिरते. ही जोखीम कोणी उचलायची, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या चरित्रात हा प्रश्न तीव्रतेने उभा राहतो. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. त्यांनी ज्या अधिपतींची चाकरी सोडली ते राजे नव्हते. ते धर्मसंस्थेचे चालक होते. म्हणूनच त्यांनी ‘दरबार’ हा सत्तेचाच शब्द निवडावा, हे अर्थपूर्ण ठरते. सिंहासनाची प्रतिमा मोडून न टाकता त्यावरचा माणसाचा हक्क तेवढा ते काढून घेतात. मे 1919 मध्ये टिळकांचे निधन झाले आणि दरबाराची घडी बसण्यापूर्वीच त्याचा आधार गेला. स्तोत्रातील निकष असा खुद्द टिळकांच्या बेतालाही लागू पडला. त्यांची भजने मात्र मराठी ख्रिस्ती उपासनेत राहिली.

या निष्ठेची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात टिळकांची पैशाविषयीची बेफिकिरी आणि त्यामुळे होणारी घरातली ओढाताण विनोदाच्या सुरात येते. हा विनोद केवळ स्वभावविशेष मानून समीक्षा पुढे जाते. वस्तुतः तो एक भाष्यप्रकार आहे. देवावर भिस्त ठेवणारा पुरुष आणि त्या पुरुषावर भिस्त ठेवून संसार रेटणारी स्त्री, अशी ही रचना आहे. एकाच्या निश्चिंतीची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे लक्ष्मीबाई आक्रोश न करता नोंदवितात. त्यांनी पुढे स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि टिळकांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पूर्ण केले. त्यामुळे ही नोंद अश्रद्धेतून आली आहे, असे म्हणता येत नाही. ती श्रद्धेच्या आतून केलेली तपासणी आहे.

नंदाखालला जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांच्या लेखनात हाच प्रश्न आणखी एक वळण घेतो. बायबलचे अनुवादक, 1983 ते 2007 या काळात ‘सुवार्ता’चे संपादक आणि हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनातील अग्रणी, अशा तीन भूमिका त्यांच्यात एकत्र आल्या. अधिपतींवर विसंबू नका, असे सांगणारा ग्रंथ मराठीत आणणारा लेखक लोकांचा पुढारी झाला, ही विसंगती उघड आहे. त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक ‘नाही मी एकला’ असे आहे. त्यातील सोबत ईश्वराची की लोकांची, हे शीर्षक ठरवून टाकत नाही, आणि ही संदिग्धता फलदायी आहे. जमीन, पाणी आणि हिरवाई यांसाठी लोकांना एकत्र आणणारा नेता स्वतःकडे अंतिम शब्द ठेवत नसेल, तरच ती विसंगती सुसह्य होते.

ईश्वरनिष्ठेच्या वाङ्मयाला म्हणून दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नेत्याकडून काढून घेतलेला अंतिम अधिकार देवाच्या नावाने बोलणाऱ्याकडेच तर जात नाही ना? आणि त्या भरवशाचा भार घरात व गावात कोण वाहतो? पहिल्याचे उत्तर टिळकांनी नोकरी सोडून दिले. दुसरा प्रश्न लक्ष्मीबाईंनी विचारला. त्याचे पुरेसे उत्तर मराठी धार्मिक वाङ्मयाकडून अद्याप यावयाचे आहे.