प्रीतीची घरगुती कसोटी
ख्रिस्ती नीतिविचारात श्रद्धा, आशा व प्रीती या तीन गुणांत प्रीती श्रेष्ठ मानली आहे. प्रवचनात हे सोपे वाटते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मात्र त्याची कसोटी संसारात लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक हातचे सहज देऊन टाकतात. त्या औदार्याची झळ घराला सोसावी लागते. लक्ष्मीबाई पतीचे मोठेपण आणि लहरीपणा एकाच विनोदी, निर्वैर दृष्टीने रेखाटतात. त्यांची स्वतःची वाटचालही बोलकी आहे. जातिभेद त्यांच्या मनातून आधी गेला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये झाला. दीक्षेला एक दिवस पुरतो. सद्गुण जुन्या सवयींशी झगडत सावकाश अंगी मुरतो. उपदेशाचा एकही सूर न लावता हे पटविणे, हेच या आत्मचरित्राचे नैतिक सामर्थ्य होय.