वस्तूची नोंद आणि वस्तूची कथा

संग्रहालयांतील वस्तू आंतरजालावर आणण्याचा उद्योग आज सर्वत्र चालला आहे, आणि तो स्तुत्यच आहे. परंतु छायाचित्राखालीं नांव, कर्ता, साल व माप लिहिलें म्हणजे वस्तु लोकांपर्यंत पोंचली, ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. तशीच, ‘प्रत्येक वस्तूची गोष्ट सांगा’ हा जो नवा मंत्र ऐकूं येतो, तोही आम्ही पारखल्यावांचून स्वीकारणार नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील औंधचें श्रीभवानी संग्रहालय ही ह्या प्रश्नाची उत्तम कसोटी आहे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं तें १९३८ सालीं मूळपीठाच्या डोंगरावर उभारलें. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां चित्राला कथेची जोड देणें औंधला नवें नाहीं. कीर्तनांत आधीं पूर्वरंगाचें निरूपण होतें, मग उत्तररंगांत आख्यान रंगतें. संग्रहालयाच्या कथेलाही हीच शिस्त हवी: आधीं वस्तूचें सत्य, मग रसाळपणा.

रविवर्म्याच्या पौराणिक चित्रापुढें आमच्या आजीबाईंना टिपणाची गरज नाहीं. कथा त्यांना पाठच असते. पण त्याच संग्रहालयांत हेन्री मूर ह्या इंग्रज शिल्पकाराचें ‘माता आणि बालक’ हें दगडी शिल्प आहे. तेथें नाकडोळे शोधणारा प्रेक्षक गोंधळतो. अशा ठिकाणीं आई व मूल ह्या नात्यापासून आरंभ करावा, आणि दगडाचा दगडपणा राखण्यासाठीं शिल्पकारानें रूप इतकें साधें कां केलें, येथवर प्रेक्षकास न्यावें. येथें कथा हें अलंकरण नसून वाट आहे.

मात्र कथेला एक भय आहे. ती सहज राजस्तुति होऊन बसते. औंधचा मुलूख आजच्या सांगली जिल्ह्यांतील आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी येथवर होता. १९३९ सालीं राजेसाहेबांनीं प्रजेला स्वराज्याची घटना दिली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली, आणि तिच्यावरून शांतारामबापूंना १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट सुचला. ह्या संग्रहामागें ज्या रयतेचा सारा होता, तिचा आवाज कथेंत नको काय? संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. त्या वेळीं शाळेंत जाणारीं मुलें आज ऐंशीच्या पुढें गेलीं आहेत. छायाचित्रें पुढील वर्षींही काढतां येतील. आठवणी थांबणार नाहींत.

त्या टिपाव्या, पण ऐकीव तें ऐकीव म्हणूनच नोंदवावें. एवढें पथ्य पाळलें तर नोंद आणि कथा यांचें वैर राहणार नाहीं, आणि डोंगर चढूं न शकणाऱ्यासही तेथील वस्तु आपली वाटेल.