आधीं हात, मग अक्षर

लहान मुलांकडून निबंध लिहून घेणारे शिक्षक पुष्कळ आहेत. पण एखादी वस्तु कशी करावी हें सांगणारीं चार सरळ वाक्यें लिहावयास शिकविणारे थोडे. असलें लेखन साहित्याच्या पंक्तीस बसत नाहीं, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. ती खोटी आहे हें दाखविण्यास दूर जावयास नको. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकांतील पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. अक्षर वाटोळें व मोकळें कसें काढावें, ओळी सारख्या कशा राखाव्या, बोरू, शाई, कागद यांचा संग्रह कसा करावा, हें सारें त्यांत आहे. बोरू हातांत धरलेल्या माणसाचें तें बोलणें आहे. म्हणूनच त्यांत फुगवटा नाहीं.

याच्या उलट आपल्या शाळांतून काय चालतें? ‘चहा कसा करावा’ हें मूल फळ्यावरून उतरवून घेतें. तें चुलीजवळ गेलेलें नसतें, आणि त्यानें लिहिल्याबरहुकूम कोणी चहा करून पाहणारही नसतो. लेखकास अनुभव नाहीं व लेखास वाचक नाहीं. गुण मात्र पुरे मिळतात! आमच्या मतें हें लेखनाचें नव्हे, खोटें बोलण्याचें शिक्षण आहे.

आमच्या घरच्या सात वर्षांच्या मुलीनें कागदाची होडी केली व ती कशी केली तें लिहून काढलें. तो कागद धाकट्या भावाच्या हातीं दिला. ‘कागद दुमडा’ हें पहिलेंच वाक्य. उभा कीं आडवा? त्यानें कोपऱ्यावरून दुमडला आणि होडीचा बोळा झाला. मुलगी आधीं त्याच्यावर रागावली, मग आपल्या वाक्यावर. तिसऱ्या खेपेस ‘कडेला कड जुळवून’ हे शब्द तिचे तिनेंच शोधून काढले. क्रियाविशेषणाचा उपयोग तिला लाल शाईनें शिकवावा लागला नाहीं. तो बोळ्यानें शिकविला. कागदाच्या घडीचें हें सामर्थ्य नवें नाहीं. फ्रोबेलच्या बालोद्यानांतील घड्यांवरून स्फूर्ति घेऊन सुंदरराव यांनीं 1893 सालीं मद्रासेस भूमितीचें एक संबंध पुस्तकच प्रसिद्ध केलें होतें.

1937 सालच्या वर्धा योजनेनें हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागीं आणून ठेवला, हें तिचें मोठें श्रेय. इतर विषयांशीं उद्योगाचा समवाय साधावा, असेंही तींत होतें. पण वाद रंगला तो मुलांच्या सुतावर शाळेचा खर्च निघेल कीं नाहीं, यावर. टकळीवरून भाषा कशी निघेल, हा अधिक मोलाचा प्रश्न त्या गलबल्यांत मागें पडला.

हा प्रश्न आम्हांस कडेगांवीं पुन्हा आठवतो. तेथील मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत. हिंदु व मुसलमान दोघेही त्या उत्सवांत असतात. आधीं कळस, मग पाया, असा त्या बांधणीचा क्रम सांगतात. लिहावयास शिकणाऱ्या मुलास याहून उत्तम धडा कोणता? ज्यानें ती बांधणी पाहिली नाहीं तो डोळे मिटून ‘प्रथम पाया घाला’ असेंच लिहील. ज्यानें बांबूच्या कामट्या व सूत घेऊन हातभर उंचीचा ताबूत त्या क्रमानें बांधला, तोच खरा क्रम लिहूं शकेल. आणि त्या लेखावरून दुसऱ्या मुलास ताबूत बांधतां आला, तर तेंच त्याचें परीक्षण.

हाताची कला शब्दांत मावत नाहीं, ती गुरूच्या शेजारीं बसूनच येते, असा एक आक्षेप आहे. तो बराचसा खरा आहे. सूत किती ताणावें हें कोणत्याही वाक्यास सांगतां यावयाचें नाहीं. पण शब्द कोठें संपतात हें कळण्यास ते तेथवर नेऊन पाहावे लागतात. तेथें पोहोंचलेलें मूल चित्र काढील किंवा जाणत्याला विचारावयास जाईल. दोन्ही गोष्टी हिताच्याच. म्हातारा कारागीर गेला म्हणजे त्याच्या बोटांतील विद्या त्याच्याबरोबर जाते. तिच्यांतील चार वाक्यें जरी एखाद्या मुलाच्या वहींत खरीं उतरलीं, तरी त्या वहीचें मोल शंभर गुळगुळीत निबंधांहून अधिक, असें आम्ही समजतों.