हैदर अलीला किती गुण द्याल?

पोलिसांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचं म्हटलं की प्रस्तावात एक वाक्य हमखास येतं: ‘सहकाऱ्यांकडून मिळणारा आधार पाच गुणांच्या श्रेणीवर मोजला जाईल.’ हे वाक्य लिहिण्याआधी गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’ (1983) बघा. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवर तो बेतलाय, पटकथा विजय तेंडुलकरांची. सगळे ओम पुरीच्या वेलणकरवर लिहितात. मला बोलायचंय शफी इनामदारच्या हैदर अलीबद्दल.

हैदर अली वेलणकरचा वरिष्ठ, पण मित्रही. वेलणकरवर निलंबनाची पाळी येते तेव्हा तोच धावून येतो आणि दिल्लीपर्यंत ओळखी असलेल्या देसाई नावाच्या मध्यस्थाची वाट दाखवतो. नोकरी वाचते. अपमान, दारू, वाढत जाणारा राग मात्र तसाच राहतो. पुढे एक भुरटा चोर कोठडीत वेलणकरच्या मारानं मरतो. आता हैदर अलीकडे उपाय काय? रामा शेट्टीला भेट! म्हणजे ज्याला हात लावता येत नाही म्हणून हा माणूस आतून मोडत गेला, त्याच्याच दारात जा.

आपल्या श्रेणीवर वेलणकरला जवळजवळ पूर्ण गुण मिळाले असते. अडचणीत धावून येणारा सहकारी आहे का? आहे. विश्वासाचा? अगदी. हैदर अली वाईट माणूस नाही, आणि म्हणूनच हे पात्र जमलंय. खात्यात जी मदत खरंच चालते ती तो देतो: ओळख, सल्ला, पळवाट. फक्त ती नोकरीला मिळते, जिवाला नाही. पीअर सपोर्ट वेगळा. त्यात प्रशिक्षण घेतलेला सहकारी ऐकून घेतो, ऐकलेलं स्वतःजवळ ठेवतो, गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवतो. मराठीत दोन्हींना आपण ‘आधार’च म्हणतो, आणि प्रश्नावली तिथेच फसते.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. वेलणकरच्या हिंसेचं मूळ चित्रपट त्याच्या वडिलांपर्यंत, आईला मारणाऱ्या त्या जुन्या पोलिसापर्यंत नेतो. तसं केलं की खातं अर्धं सुटतं. कॉमन कॉज आणि लोकनीती-सीएसडीएसच्या 2019 च्या अहवालात पोलिसांचं काम दिवसाला सरासरी 14 तास निघालं, निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीच नाही. हे काही बालपणातून आलेलं नाही.

आता हे पेण-रोह्यात आणून बघा. मुंबईत दूरच्या ठाण्यातला कुणी तरी गाठून बोलता येईल. तालुक्याच्या ठाण्यात ऐकणाराच उद्या ड्युटी लावणारा असू शकतो, त्याची बायको आपल्या बायकोच्या ओळखीची. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या पेण-वडखळला तुंबतात, तेव्हा ज्याच्या स्वतःच्या घरी गणपती बसलाय तोही महामार्गावर उभा असतो. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र सलामी देतात, सगळं गाव बघत असतं. त्या रांगेतल्या एखाद्यानं त्याच गावातल्या दवाखान्यात जाऊन ‘झोप लागत नाही’ म्हणायचं, हे सोपं नाही. म्हणून ‘आधार आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. शेवटचं कुणाला सांगितलंत, त्यानं पुढे काय केलं, आणि ती गोष्ट आणखी कुठवर गेली, हे विचारा. गणपतीच्या दिवसांत विचारलंत की पावसाळ्याआधी, हेही नोंदवा, उत्तरं बदलतील.

आणि वेलणकरनं तुम्हालाच सांगितलं असतं तर? कोठडीतला माणूस माझ्या हातून मेला, असं. ‘सर्व माहिती गुप्त राहील’ हे संमतीपत्रातलं नेहमीचं वाक्य तिथे टिकत नाही. मेलेल्या माणसाच्या घरचेही आहेतच की. गुप्तता कुठे संपते ते मार्गदर्शकांशी आधी ठरवा, साध्या मराठीत लिहा आणि पहिला प्रश्न विचारण्यापूर्वी समोरच्याला वाचून दाखवा. त्यावर तो उठून गेला तर जाऊ द्या.