टॅकलची संख्या आणि खेळाडूचे मोल : ए. जे. हॉक यांच्याविषयीच्या चाहत्यांच्या वादाची समीक्षा

प्रास्ताविक

एखाद्या कलाकृतीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न साहित्यसमीक्षेला नवा नाही. मैदानावरील कामगिरीबाबत मात्र हा प्रश्न सुटल्यासारखाच मानला जातो. धावा, गोल, गुण मोजले की निवाडा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ज्या खेळाडूचे काम मोजता येत नाही, किंवा मोजले तरी त्याचा अर्थ लागत नाही, त्याच्याबाबतीत ही समजूत कोलमडते. अशा वेळी चाहतेच समीक्षकाची भूमिका घेतात आणि त्यांच्या वादातून निकषांचा एक अलिखित ग्रंथ तयार होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकन फुटबॉलमधील ग्रीन बे पॅकर्स या संघाचे लाइनबॅकर ए. जे. हॉक यांच्याविषयी २००६ ते २०१४ या नऊ हंगामांत चाललेल्या वादाचा विचार केला आहे. हॉक चांगले खेळले की वाईट, हा या वादाचा वरवरचा विषय होता. 'चांगले' म्हणजे काय, याविषयी दोन्ही बाजू वेगवेगळे बोलत होत्या, हे त्याचे खरे स्वरूप होय.

टॅकल म्हणजे काय?

आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तेथील फुटबॉल हा निराळाच खेळ आहे. अकरा जणांच्या आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. समोर बचाव करणाऱ्यांची पहिली ओळ असते, तिच्या पाठीमागे लाइनबॅकर आणि त्यांच्याही मागे शेवटची फळी. चेंडू घेऊन धावणाऱ्याला खाली पाडणे म्हणजे टॅकल. येथे कबड्डीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण फरक महत्त्वाचा आहे. कबड्डीत चढाईपटूला मध्यरेषेच्या आत कोठेही अडवले तरी ती पकडच ठरते. अमेरिकन फुटबॉलमध्ये धावणाऱ्याला कोठे पाडले यावर सारे अवलंबून असते. पहिल्याच यार्डावर पाडणे हा बचावाचा विजय, तर आठव्या यार्डावर पाडणे ही बहुधा नामुष्की. नोंदवहीत मात्र दोन्हींची किंमत एकच. म्हणजे खेळ फुटबॉलचा आणि हिशेब कबड्डीचा, अशी ही विसंगती आहे.

त्यातही हा हिशेब एक नाही. टॅकल ही एनएफएलची अधिकृत आकडेवारी नाही. सामना चालू असताना पत्रकारकक्षात बसलेले नोंदनीस ती मोजतात. नंतर संघाचे प्रशिक्षक चित्रफीत पाहून आपली वेगळी मोजणी करतात आणि ती बहुधा जास्त भरते. पॅकर्सच्या प्रशिक्षकांच्या मोजणीनुसार हॉक यांचे टॅकल एक हजाराच्या पुढे जातात आणि जॉन अँडरसन यांचा विक्रम मागे टाकून ते संघाच्या इतिहासात पहिले ठरतात. सामन्याच्या नोंदींची बेरीज केली तर तोच खेळाडू हजाराच्या आत राहतो. शिवाय पन्नास आणि साठच्या दशकांत याच संघाचे मधले लाइनबॅकर म्हणून दंतकथा बनलेले रे निट्श्के १९७२ च्या हंगामानंतर निवृत्त झाले, तेव्हा संघाची ही मोजणी सुरूच झालेली नव्हती. ज्याच्याशी प्रत्येक नव्या लाइनबॅकरची तुलना होते, तोच या यादीत नाही! अशा यादीतील पहिल्या क्रमांकाला कितपत अर्थ आहे, हा हॉक यांच्या टीकाकारांचा प्रश्न मुळीच अनाठायी नव्हता. (शोधनिबंधांची संख्या आणि त्यांचे गुणांक यांची बेरीज करण्यात ज्यांच्या सुट्या गेल्या आहेत, त्या प्राध्यापकवर्गाला हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याची गरज नसावी.)

पाचव्या क्रमांकाचे ओझे

२००५ च्या हंगामात पॅकर्सने सोळांपैकी केवळ चार सामने जिंकले. दुबळ्या संघाला नवोदितांच्या निवडीत आधी संधी देण्याच्या पद्धतीमुळे २००६ च्या ड्राफ्टमध्ये त्यांच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला आणि सरव्यवस्थापक टेड थॉम्प्सन यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या हॉक यांची निवड केली. महाविद्यालयीन फुटबॉलमधील लोंबार्डी पुरस्कार त्यांनी नुकताच मिळवला होता. त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात 'पाचवा' हे विशेषण त्यांच्या नावाला चिकटून राहिले.

येथे वादाची पहिली गफलत दिसते. एखादा खेळाडू कसा खेळतो आणि त्याच्यासाठी मोजलेली किंमत योग्य होती का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्याच वर्षी तेहतिसाव्या क्रमांकावर निवडले गेलेले ह्यूस्टनचे लाइनबॅकर डेमेको रायन्स पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरले. पुढे त्यांना प्रो बोलचा मान दोनदा मिळाला. हॉक यांना तो एकदाही मिळाला नाही. ही तुलना निवड करणाऱ्याविषयी काही सांगते. पण हॉक यांनी स्वतःला पाचव्या क्रमांकावर निवडले नव्हते. चाहत्यांच्या रोषाचा मोठा भाग व्यवस्थापकाच्या निर्णयावरचा होता. तो झेलावा लागला खेळाडूला.

समर्थकांचीही गफलत होतीच. ते वारंवार उपस्थितीचा दाखला देत. नऊ हंगामांतील १४४ पैकी १४२ सामने हॉक खेळले, ही या धक्काबुक्कीच्या खेळात असामान्य गोष्ट आहे. पण रोज वर्गावर येणे आणि चांगले शिकवणे यांत जे अंतर असते, तेच येथेही असते. उपस्थिती हा गुण खरा. त्यावरून गुणवत्ता सिद्ध होत नाही.

२०१० चा हंगाम

या वादाचा सर्वांत बोलका अध्याय २०१० चा आहे. आदल्या वर्षी बचावाचे प्रशिक्षक म्हणून आलेल्या डॉम केपर्स यांनी संघाची रचनाच पालटली होती. पुढच्या ओळीत चारऐवजी तीन खेळाडू, मागे तीनऐवजी चार लाइनबॅकर, आणि हॉक आतल्या दोघांपैकी एक. प्रतिस्पर्धी चेंडू फेकण्यावर भर देऊ लागला की आतल्या फळीतील एक जण बाहेर काढून मागच्या फळीतील अधिक चपळ खेळाडू आणायचा, असा प्रघात पडत चालला होता. फिलाडेल्फियातील हंगामाच्या पहिल्या सामन्यात पॅकर्सने हेच केले आणि बचावाच्या एकाही डावात हॉक मैदानावर उतरले नाहीत. पाचव्या क्रमांकाचा खेळाडू सबंध सामनाभर बाकावर! टीकाकारांना याहून स्पष्ट कबुली कोणती हवी होती?

चौथ्या सामन्यात मात्र निक बार्नेट यांच्या मनगटाला दुखापत झाली आणि त्यांचा हंगाम संपला. बचावपटूंपैकी एकाच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणारे यंत्र बसवण्याची मुभा २००८ पासून होती. आता ते शिरस्त्राण हॉक यांच्याकडे आले. दर डावाआधी केपर्स यांचा आदेश ऐकायचा, दहा सहकाऱ्यांना सांगायचा, समोरची रचना पाहून तो बदलायचा, हे काम त्यांनी उरलेल्या हंगामात केले. ६ फेब्रुवारी २०११ रोजी पॅकर्सने पिट्सबर्गला ३१-२५ असे हरवून सुपर बोल जिंकला. मार्चमध्ये संघाने हॉक यांचा महागडा जुना करार संपवला आणि लगोलग पाच वर्षांचा, तीन कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा नवा करार केला. बार्नेट यांना मात्र त्याच जुलैत निरोप देण्यात आला.

माझ्या मते हॉक यांच्या खऱ्या कामाचे स्वरूप या हंगामात उघड झाले, आणि नेमके तेच चाहत्यांच्या दृष्टिक्षेपात येत नव्हते. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. डावापूर्वी कोणी कोणाला कोठे सरकवले हे पडद्याबाहेर राहते. चेंडू जवळ आला की लाइनबॅकर दिसतो, आणि तोही बहुधा पोचायला उशीर झालेला. यासाठी चाहत्यांना दोष देता येत नाही. बावीसच्या बावीस खेळाडू दिसतील अशी प्रशिक्षकांची चित्रफीत एनएफएलने सर्वसामान्यांसाठी २०१२ मध्ये खुली केली, तोवर त्यांच्यापाशी संपूर्ण संहिताच नव्हती असे म्हणता येईल.

संहिता हाती आल्यावर वाद मिटला का? उलट अधिक बारीक झाला. १२ जानेवारी २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या बाद सामन्यात कॉलिन केपर्निक या तरुण क्वार्टरबॅकने धावून १८१ यार्ड मिळवले. क्वार्टरबॅकसाठी हा विक्रमच होता. पॅकर्स ४५-३१ असे हरले. रोष पुन्हा आतल्या लाइनबॅकरांवर आला. परंतु त्या रात्रीच्या अनेक धावा चेंडू फेकण्याच्या डावातून निसटून घेतलेल्या होत्या. बचावपटू आपापल्या माणसामागे पाठ करून पळत असताना समोर मोकळे रान पडले होते. उरलेल्या धावांचे तंत्र निराळे. त्यात कडेचा एक बचावपटू मुद्दाम मोकळा सोडतात आणि तो जिकडे झुकेल त्याच्या विरुद्ध बाजूला चेंडू नेतात. ५६ यार्डांची ती प्रसिद्ध धाव याच तंत्राची. अशा डावात चूक कोणाची हे ठरवायला केपर्स यांचा आदेश काय होता हे ठाऊक हवे, आणि तो चित्रफितीत उमटत नाही. चाहत्यांतील जाणकारांनी हा मुद्दा मांडला. बाकीच्यांना एक नाव हवे होते आणि ते तयारच होते. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला बाल्टिमोरमध्ये हॉक यांनी क्वार्टरबॅकला तीनदा पाडले आणि संघ १९-१७ असा जिंकला, तेव्हा तेच नाव काही दिवस कौतुकाने घेतले गेले. दोन्ही वेळी निष्कर्ष एका सामन्यावरून काढला होता.

भागधारक चाहता

हा वाद एवढा तीव्र का झाला, याचे एक कारण गावातच आहे. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील सुमारे एक लाख वस्तीचे शहर. पॅकर्स हा एनएफएलमधील एकमेव संघ ज्याची मालकी सर्वसामान्य भागधारकांकडे आहे. १९२३ पासून सहा वेळा भागविक्री झाली. २०११ मध्ये एका भागाची किंमत २५० डॉलर होती. या भागावर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकता येत नाही. संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देता येते आणि उन्हाळ्यात लॅम्बो फील्डवर भरणाऱ्या वार्षिक सभेला जाता येते, एवढेच. कोणता खेळाडू ठेवावा यावर मात्र भागधारकाचा शब्द चालत नाही. मालक असून अधिकार नसलेल्या माणसाच्या हाती वाद घालणे उरते, आणि तो ते मनापासून करतो. बाहेरून कोणी धनिक मालक नसल्यामुळे 'त्याला ठेवलाच कशाला?' हा प्रश्न येथे 'आपण ठेवलाच कशाला?' असा विचारला जातो. टीकेतील कडवटपणाला आपलेपणाची ही बाजू होती, हे विसरता कामा नये.

२०१४ मध्ये टीकाकारांचे म्हणणे अखेर खरे ठरले, असे मान्य करावे लागते. हॉक तिशीचे झाले होते, पाय मंदावले होते आणि बचावाच्या मधोमध खिंडार पडत होते. ९ नोव्हेंबरला शिकागोविरुद्ध केपर्स यांनी कडेचे नामांकित लाइनबॅकर क्ले मॅथ्यूज यांना आत आणले. पॅकर्स ५५-१४ असे जिंकले आणि पुढे हॉक यांचा खेळ कमी कमी होत गेला. पण नवव्या वर्षी खरे ठरलेले म्हणणे दुसऱ्या वर्षापासून खरेच होते, हा त्यांतील काहींचा दावा स्वीकारता येत नाही. २०१० मधल्या बाकावरच्या खेळाडूला आणि त्याच हंगामात शिरस्त्राणातला आवाज ऐकून संघ हलवणाऱ्या खेळाडूला तो एकाच मापाने मोजतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये संघाने हॉक यांना मुक्त केले. त्यांनी पुढचा हंगाम सिनसिनाटीकडून काढला. पॅकर्सच्या नोंदवहीत टॅकलच्या रकान्यात त्यांचे नाव अग्रस्थानी होते, आणि त्याच टॅकलची एनएफएलच्या सामनानोंदींतील बेरीज त्याहून कमी होती.