तीन अधिक, एक उणे : एका गणिताचं रसग्रहण

स्थिरविद्युतच्या धड्याखाली एक गणित हमखास असतं. आकडे बदलतात, बांधणी तीच राहते. इथे ते असं घेऊ : ‘+३ नॅनोकूलोम आणि −१ नॅनोकूलोम हे दोन बिंदुप्रभार एकमेकांपासून ४ सेंमी अंतरावर आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर विद्युत विभव कुठे शून्य असेल?’ सूत्र लिहायचं, समीकरण सोडवायचं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, अशी त्याची एरवीची वासलात. पण हे गणित सावकाश वाचावं अशा योग्यतेचं आहे. त्याच्या एकेका शब्दात केवढा ऐवज आहे!

सुरुवात सूत्रापासून करू. बिंदुप्रभाराचं विभव म्हणजे प्रभार भागिले अंतर, गुणिले एक स्थिरांक. १ नॅनोकूलोम प्रभारापासून १ मीटरवर विभव सुमारे ९ व्होल्ट भरतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कूलोमच्या नियमात बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. इथे मात्र वर्ग नाही, नुसतं अंतर आहे. विभव म्हणजे एकक धनप्रभार अनंत अंतरावरून त्या जागी आणायला लागणारं कार्य. वाटेत बल पावलोपावली बदलत जातं, आणि त्या सगळ्या पावलांची बेरीज केली की वर्गातला एक घात गळून पडतो. प्रभार सरळ आणा किंवा वळसे घेत आणा, बेरीज तीच येते, कारण बल नेहमी दोघांना जोडणाऱ्या रेषेतच असतं आणि आडवं सरकायला कार्य लागतच नाही. सगळा प्रवास पुसला जाऊन शेवटी फक्त अंतर उरतं. एवढ्या लहान सूत्रात एवढा मोठा प्रवास मावतो, हे त्याचं पहिलं सौंदर्य.

दुसरं सौंदर्य बेरजेत आहे. विभवाला दिशा नाही, फक्त चिन्ह आहे. दोन प्रभारांच्या बरोबर मध्यावर, म्हणजे दोघांपासून २ सेंमीवर, पहिल्याचं विभव १३५० व्होल्ट आणि दुसऱ्याचं उणे ४५० व्होल्ट. उत्तर ९०० व्होल्ट. कोन नाहीत, घटक पाडणं नाही. प्रभार दोनऐवजी दोनशे असले तरी पद्धत हीच. आणि दिशा सोडल्यामुळे हातचं काही जातही नाही. विभव जागेगणिक कसं बदलतं हे ठाऊक असलं, की त्याच्या उतारावरून विद्युत क्षेत्र दिशेसकट परत मिळतं. कमी बोलून सगळं राखणं ज्याला जमतं, त्याला आपण उत्तम शैली म्हणतो. विभवाची शैली ती आहे.

आता प्रश्नाचं उत्तर. ऋणप्रभाराच्या तिप्पट अंतर धनप्रभारापासून हवं. असा एक बिंदू दोघांच्या मध्ये, धनप्रभारापासून ३ सेंमीवर सापडतो : अधिक ९००, उणे ९००. पण दुसराही आहे, ऋणप्रभाराच्या पलीकडे २ सेंमीवर : अधिक ४५०, उणे ४५०. हा दुसरा बिंदू पुष्कळांच्या हातून निसटतो. धनप्रभाराच्या पाठीमागे मात्र कितीही शोधलं तरी शून्य मिळत नाही, कारण तिथे थोरला प्रभार जवळचाही असतो.

हे शून्य नीट पारखायला हवं. ३ सेंमीवरच्या बिंदूपाशी विभव शून्य आहे, पण क्षेत्र मीटरला १,२०,००० व्होल्ट इतकं प्रखर आहे. समुद्रात थेट उतरणाऱ्या कड्याच्या पायथ्याशी उंची शून्य असते, उतार मात्र छाती दडपवणारा, तसंच हे. उलट या रेषेवर क्षेत्र शून्य होतं ते ऋणप्रभाराच्या पलीकडे सुमारे ५.४६ सेंमीवर, आणि तिथे विभव सुमारे १२१ व्होल्ट असतं. दोन शून्यं, दोन वेगळ्या जागा, दोन वेगळे अर्थ. ‘किती’ आणि ‘किती वेगाने बदलतं’ हा भेद इतक्या स्वच्छपणे शिकवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

आता प्रश्नातला ‘रेषेवर’ हा शब्द काढून टाका. ऋणप्रभाराच्या नेमकं वर, १.४१ सेंमीवर बघा. तिथून धनप्रभार ४.२४ सेंमीवर, म्हणजे पुन्हा तिप्पट! अधिक ६३६, उणे ६३६; विभव शून्य. असे सगळे बिंदू जोडत गेलं की १.५ सेंमी त्रिज्येचा एक नितळ गोल उभा राहतो. दोन ठरावीक बिंदूंपासूनची अंतरं ठरावीक प्रमाणात ठेवणाऱ्या बिंदूंचं प्रतलातलं वर्तुळ भूमितीत अपोलोनियसच्या नावाने ओळखलं जातं. हा त्याचाच गोल. ऋणप्रभार या गोलाच्या आत आहे, पण केंद्रावर नाही. केंद्रापासून अर्धा सेंमी सरकलेला.

आणि इथे गणित आपलं सगळ्यात मोठं गुपित उघडं करतं. त्या गोलाच्या जागी तेवढाच धातूचा गोल ठेवा, त्याला अर्थिंग द्या आणि आतला ऋणप्रभार काढून घ्या. बाहेरच्या जगाला काडीचाही फरक कळणार नाही. धातूच्या पृष्ठभागावर प्रवर्तनाने जमलेला प्रभार बरोबर −१ नॅनोकूलोम भरतो आणि बाहेर तेच क्षेत्र घडवतो. सीमेवरचं विभव ठरलं, बाहेरचे प्रभार ठरले, की मधलं विभव एकाच प्रकारे असू शकतं. धातूवर जागोजागी किती प्रभार साचला हे मोजण्याचा अवघड प्रश्न दोन बिंदुप्रभारांवर येऊन सुटतो.

प्रतिमाप्रभारांची ही युक्ती विल्यम थॉमसनची, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनची. १८४५ साली, विशीच्या उंबरठ्यावर, त्याच्या हाती जॉर्ज ग्रीनचा १८२८ चा निबंध पडला आणि त्याच वर्षी ही कल्पना आकाराला आली. या राशीला विभवाचं नाव देणारा ग्रीन नॉटिंगहॅमजवळच्या स्नेंटनच्या पवनचक्कीत दळणाचं काम बघायचा. शाळेचं तोंड त्याने जेमतेम वर्षभर पाहिलेलं. निबंध वर्गणीदारांच्या पैशांवर छापला गेला आणि दुर्लक्षितच राहिला. १८४१ मध्ये ग्रीन वारला. निबंधाचं मोल थॉमसनने ओळखलं, त्याचं पुनर्मुद्रण घडवून आणलं, तेव्हा कुठे जगाला ग्रीन कळला.

म्हणून शिकवणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे : हे गणित पहिल्या उत्तराशी सोडू नका. दुसरा बिंदू शोधायला लावा, तिथलं क्षेत्र काढायला लावा, मग रेषा सोडून प्रतलात उतरवा. गुण पहिल्या उत्तरालाच मिळतील, पण विभव ही केवढी ताकदीची कल्पना आहे ते मुलांना त्या गोलापाशी पोचल्यावरच कळेल. तिथवर जायला बेरीज, भागाकार आणि आणखी एक तास पुरतो.