गेल्या वर्षीच्या कट-ऑफवर किती विसंबावे?

प्रवेश-परीक्षांचे निकाल लागले की घराघरांत आणि शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न ऐकू येतो : 'इतक्या गुणांना कुठे मिळेल?' कोणी गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी काढतो, क्लासच्या फलकावर 'गुण आणि अपेक्षित क्रमांक' असा तक्ता लागतो. अलीकडे तर मोबाइलवर गुण टाकले की 'प्रवेशाची शक्यता ८७ टक्के' असे तयार उत्तर मिळते. या उत्तरांवर मोठे निर्णय होतात. एखादी मुलगी वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायचे ठरवते. एखादा मुलगा आवडीचे महाविद्यालय अर्जात लिहीतच नाही. प्रयोगशाळेत कोणतेही उपकरण हाती घेताना त्यात चूक किती येते, हे आपण आधी विचारतो. या तक्त्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा.

पहिला दोष मोजपट्टीचा आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीची 'नीट' ही परीक्षा ७२० गुणांची असते. २०२३ मध्ये पैकीच्या पैकी गुण दोघांना मिळाले, २०२४ च्या सुधारित निकालात १७ जणांना, आणि २०२५ मध्ये कोणालाच नाही. त्या वर्षी पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. टोकावरची उदाहरणे फसवी असतात असे कोणी म्हणेल, म्हणून मधला विद्यार्थी घेऊ. खुल्या गटाची पात्रता-रेषा ५० पर्सेंटाइलवर, म्हणजे निम्मे परीक्षार्थी जिच्या खाली राहतात अशा जागी असते. ही रेषा २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४ गुणांवर होती. देशातील मुले एका वर्षात हुशार झाली आणि पुढच्याच वर्षी मंदावली, असे मानण्याचे कारण नाही. मुख्यतः बदलली ती प्रश्नपत्रिका. म्हणजे गुण ही रबराची पट्टी आहे, आणि ती दरवर्षी वेगळी ताणली जाते. २०२३ चा तक्ता पाहून २०२४ मध्ये अंदाज बांधणाऱ्यांच्या वाट्याला खोटी आशा आली. २०२४ चा तक्ता २०२५ मध्ये वापरला, तर वाट्याला येणार होती नाहक निराशा. तुलना करायचीच तर गुणांची नव्हे, गुणवत्ता-क्रमांकाची करावी.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हेही येथे मुलांना सांगायला हवे. दहा लाख परीक्षार्थी असतील तर ९९ आणि ९८ पर्सेंटाइल यांच्यामध्ये दहा हजार विद्यार्थी उभे असतात. कागदावर एका अंकाचा फरक दिसतो, रांगेत तो दहा हजारांचा असतो.

दुसरा गोंधळ 'पात्र' या शब्दाचा. २०२५ च्या नीटमध्ये १२ लाखांहून अधिक विद्यार्थी पात्र ठरले, तर देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. दहा पात्र विद्यार्थ्यांमागे साधारण एक जागा. पात्र ठरणे म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट कट-ऑफच्या स्वरूपाची. कट-ऑफ ही कोणी आधी ठरवलेली रेषा नसते. शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा तो क्रमांक किंवा गुण असतो. वरच्या क्रमांकाची मुले कोठे गेली, कितींनी जागा सोडली, नवी तुकडी निघाली का, या सगळ्यांवर तो ठरतो. ज्या शाखेत साठ जागा आहेत तेथे दोघा-चौघांनी मन बदलल्याने फारसे बिघडत नाही. पण एखाद्या गटात दोनच जागा असतील तर एका विद्यार्थ्याच्या निर्णयाने शेवटचा क्रमांक कुठल्या कुठे जातो. नमुना लहान असला की चढउतार मोठे, हा संख्याशास्त्राचा साधा नियम आहे. यादीत मात्र दोन्ही आकडे सारख्याच टाइपात छापलेले असतात.

आणि ते ८७ टक्के? हवामानाच्या अंदाजात पावसाची शक्यता सांगितली, तर पाऊस पडला की नाही हे ताडून पाहता येते. प्रवेशाच्या अंदाजाची अशी फेरतपासणी आपण कधी मागितली आहे काय? ज्या शंभर जणांना ८७ टक्के सांगितले, त्यांपैकी सुमारे ८७ जणांना प्रवेश मिळाला तरच त्या आकड्याला अर्थ आहे. तो हिशेब दाखवला जात नसेल, तर आकडा शास्त्रीय नव्हे, फक्त शास्त्रीय दिसणारा आहे.

खरे नुकसान होते ते पसंतीक्रम भरताना. 'वरचे मिळणार नाही, उगाच पहिली पसंती वाया जाईल' या भीतीने मुले आवडीचे महाविद्यालय खाली ढकलतात. आयआयटी, एनआयटी यांच्या जागा २०१५ पासून जोसा या संयुक्त व्यवस्थेतून दिल्या जातात. तिच्या मुळाशी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलेली रीत आहे. या रीतीत तुमच्या पहिल्या पसंतीला क्रमांक पुरला नाही तर दुसरीचा विचार होतो, आणि तेथे फक्त तुमचा क्रमांक पाहिला जातो. ती पसंती तुम्ही कितव्या स्थानी लिहिली याने काही फरक पडत नाही. म्हणून मनातला खरा क्रम लिहिणे हेच हिताचे. अशक्य वाटणारे नाव वर लिहिल्याने खालचे हातचे जात नाही.

मग अंदाजाचा उपयोग काय? यादी कोठपर्यंत खाली न्यायची, हे ठरवण्यासाठी. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात २०२५ मध्ये जास्तीत जास्त दहाच पसंती देता येत होत्या. अशा ठिकाणी शेवटच्या दोन-तीन जागी खात्रीची नावे हवीतच. शिवाय पहिली पसंती मिळाली तर प्रवेश घेणे बंधनकारक होते. म्हणून तेथे खरोखर हवे तेच नाव लिहावे.

शिक्षकांना यावर एक सोपा उपक्रम घेता येईल. मागच्या तीन-चार वर्षांचे शेवटचे क्रमांक विद्यार्थ्यांना आलेखावर मांडायला सांगावेत. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू यांमधला पट्टा रंगवावा. आपला क्रमांक पट्ट्याच्या आधी आला तर आशा भक्कम, पट्ट्यात आला तर अनिश्चित, पलीकडे गेला तर कठीण. याहून अधिक बारीक भाकीत ही माहिती सहसा पेलू शकत नाही. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा आणि प्रवेश संपल्यावर तो किती बरोबर आला हे मोजावे. ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला दाखवता येईल.